पहिला ख्रिसमस घरीच काढा

ताई, नोव्हेंबरअखेर राजारामपुरीतलं घर आवरून तुम्ही जर्मनीत न्यूरेंबर्गला येताय, पोरं साडेतीन आणि दीड वर्षांची. ख्रिसमसच्या सुट्टीत त्यांना घेऊन प्रागला जावं की घरीच थांबावं, असं विचारलंत. घरीच थांबा. आम्ही कोल्हापूर सोडलं तेव्हा माझी थोरली तुमच्या थोरल्याएवढीच होती, त्यामुळं हे अगदी मनापासून सांगतेय.

आपल्याकडं सण म्हणजे गर्दी. दिवाळीत महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते. इथं 24 डिसेंबरला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, 25 आणि 26 सरकारी सुट्टी, आणि जोडून रविवार आला की तिसरा दिवसही बंद. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कारण सण घराच्या आत चाललेला असतो. पहिल्या वर्षी हे ठाऊक नव्हतं. 24 ला संध्याकाळी थोरली तापली, घरात दूधही नव्हतं. खिडकीत उभी राहून मी रडले होते. म्हणून 23 लाच दूध, डायपर, तापाचं औषध भरून ठेवा. रात्री-सुट्टीला डॉक्टर लागला तर 116117 हा नंबर. औषधाची दुकानं पाळीपाळीनं उघडी असतात, त्या दिवशी कुठलं उघडं आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं.

पोरांना खरा आनंद वाट बघण्यात मिळतो. 1 डिसेंबरपासून अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरची, म्हणजे ख्रिसमसपर्यंतचे दिवस मोजायच्या कॅलेंडरची, रोज एक खिडकी उघडायची, अशा 24. पाच तारखेला रात्री बूट पुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी संत निकोलाउसनं त्यात संत्री, अक्रोड, चॉकलेट ठेवलेलं असतं. (अक्रोड धाकट्याच्या हाती लागू देऊ नका, ख्रिसमस बाजारातले साखरेत घोळलेले बदामही नकोत, घशात अडकतात.) आपल्या बव्हेरिया राज्यात भेटवस्तू ख्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, आणतं, तेही 24 च्या संध्याकाळी. ख्रिसमस ट्रीच्या खोलीचं दार लावून घेतात, आत घंटी वाजली की मगच पोरांनी शिरायचं. आम्ही त्यासाठी आमच्या देवघरातली घंटी वापरतो. ती वाजली की थोरली आजही श्वास रोखून उभी राहते.

ख्रिसमस बाजार बघायला शनिवार-रविवारी जाऊ नका. मधल्या वारी चारला निघा, सव्वाचारला अंधार पडू लागतो आणि दिवे उजळतात. मुख्य चौकापासून जवळच हान्स-साक्स-प्लात्झला मुलांचा वेगळा बाजार भरतो, तिथं जुन्या धाटणीचं मेरी-गो-राउंड आहे. ग्लूवाइन म्हणजे गरम मसालेदार वाइन, त्यात दारू असते, पोरांसाठी किंडरपुन्श हे बिनदारूचं गरम पेय मागा. कपडे एकावर एक घाला, पण गाडीतल्या सीटवर बसवताना जाड जॅकेट काढा, नाहीतर पट्टा अंगाला नीट बसत नाही.

प्लेत्सशन, म्हणजे ख्रिसमसची बिस्किटं, हा इथला फराळच समजा. कणीक लाटून साच्यानं चांदण्या कापायच्या, पोरं पिठानं पांढरी होतात. ताटभर शेजाऱ्यांना द्या, सोबत शंकरपाळ्याही ठेवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली ती अशीच. दोन वर्षं नुसतं जिन्यात हॅलो चाललं होतं, त्या ताटानंतर त्या आमच्या धाकट्याला सांभाळायला बसू लागल्या.

31 ला मध्यरात्री फटाके जोरात असतात, धाकट्याच्या खोलीच्या खिडकीचं शटर खाली करून ठेवा.

आणि आजी-आजोबांचं. हिवाळ्यात कोल्हापूर साडेचार तास पुढं असतं. तुम्ही घंटी पाचला वाजवलीत तर तिकडं साडेनऊ झालेले असतील, दोघं जागेच असतील. व्हिडिओ कॉल आधी लावा, मग दार उघडा. माझे सासरे दरवर्षी त्या दिवशी जेवण लवकर उरकून फोन पुढ्यात घेऊन बसतात.