चाक आणि रस्ता : ग्लॉकने खरंच वाट दिली का?

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही २००८ च्या ब्राझील ग्रां प्रीचा, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींच्या त्या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीचा, ओझरता उल्लेख केलात. माझा भाचा ठामपणे सांगतो की, टोयोटाच्या टिमो ग्लॉकने शेवटच्या वळणावर मुद्दाम गाडी हळू केली, मॅक्लारेनच्या लुईस हॅमिल्टनला पुढे सोडलं आणि फेरारीच्या, ब्राझीलच्याच फेलिपे मासाचं विश्वविजेतेपद घालवलं. आपण टायरच्या धंद्यातले, आपल्याला काय वाटतं?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : भाच्याला माझ्यातर्फे सांगा, या आरोपाने एका सरळ माणसाला वर्षानुवर्षं दूषणं ऐकावी लागली आहेत. आता तो थांबवूया.

ती शर्यत मी कोल्हापुरात घरच्या टीव्हीवर पाहिली. २ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. त्याच दिवशी दिल्लीत अनिल कुंबळेने कसोटी क्रिकेटला रामराम ठोकला होता, त्यामुळे घरात सगळेच जरा हळवे. तिकडे ब्राझीलमध्ये, शर्यतीच्या साओ पावलो शहरात, सुरुवातीलाच पाऊस आला म्हणून शर्यत दहा मिनिटं उशिरा, आपल्याकडचे पावणेअकरा वाजत आले तेव्हा सुटली. माझे थोरले बंधू फेरारीचे कट्टर. मी कुणाचाच नव्हतो, मी टायर बघायला बसलो होतो.

गणित असं होतं. शर्यतीआधी हॅमिल्टनचे ९४ गुण, मासाचे ८७. (तेव्हा पहिल्याला १०, पाचव्याला ४, सहाव्याला ३ गुण मिळत.) मासा जिंकला तरी हॅमिल्टनला पाचवा नंबर पुरत होता. सहावा आला तर दोघांचेही ९७, आणि जास्त शर्यती जिंकल्या म्हणून किताब मासाचा. मासा पहिल्या जागेवरून सुटला आणि घरच्या लोकांसमोर शेवटपर्यंत पुढेच राहिला. त्याच्याकडून त्या दिवशी काहीही कमी पडलं नाही.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पुन्हा पाऊस आला. पुढच्या सगळ्यांनी पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या संघांच्या थांब्यावर, येऊन ओल्या रस्त्याचे टायर चढवले. टोयोटाने मात्र ग्लॉक आणि यार्नो ट्रुली या आपल्या दोन्ही गाड्या कोरड्या टायरवरच ठेवल्या. ग्लॉक त्याआधी हॅमिल्टनच्या मागे होता. थांबला नाही म्हणून चौथ्या नंबरवर आला आणि हॅमिल्टन पाचवा झाला. मग तीन फेऱ्या उरल्या असताना टोरो रोसो संघाच्या सेबास्टियन फेटलने हॅमिल्टनला मागे टाकलं. हॅमिल्टन सहावा.

आता भाच्याला हे नीट विचारा : ग्लॉकही इतरांसारखा टायर बदलायला थांबला असता तर? फेटल पुढे गेल्यावरही हॅमिल्टन पाचवाच राहिला असता आणि कसलीही धाकधूक न होता विश्वविजेता झाला असता. म्हणजे ग्लॉक थांबला नाही म्हणूनच तर हॅमिल्टनचा किताब धोक्यात आला. ज्याला मदत करायची त्याच्या वाटेत आधी कोण आडवं येईल?

आता टायरचं. त्या काळात फॉर्म्युला वनच्या कोरड्या टायरवर चार उभ्या खाचा असायच्या. (खाचांच्या टायरची ती शेवटची शर्यत, २००९ पासून पुन्हा गुळगुळीत टायर आले.) पण त्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी नव्हत्या, रस्त्यावरची पकड कमी करून वेग आवरण्यासाठी होत्या. शर्यतीचं रबर तापलेलं असेल तरच चिकटतं. पाण्याने ते गार पडलं की कडक होतं. मग चालक वेग कमी करतो, वेग कमी झाल्याने रबर आणखी गार पडतं, शिवाय गाडीला खाली दाबून धरणारी हवाही कमी पडते. या चक्रात एकदा सापडलं की सुटका नाही. चाकाचं फिरणं आवरणारी ट्रॅक्शन कंट्रोलची यंत्रणाही त्या मोसमापासून बंद केलेली. पावसाळ्यात आंबा घाटात गोटा झालेल्या टायरवर ट्रक उतरवणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. ग्लॉकच्या हातात त्याहून कितीतरी अंगावर येणारी गाडी होती.

आणि पुरावाच हवा असेल तर ट्रुलीकडे बघा. ग्लॉकची शेवटची फेरी १ मिनिट ४४.७ सेकंदांची, ट्रुलीची १ मिनिट ४४.८ सेकंदांची. तोच संघ, तेच टायर, तेच पाणी. ट्रुली तर किताबाच्या भानगडीत कुठेच नव्हता, त्याने कुणासाठी गाडी हळू केली? शिवाय जुन्साओ या शेवटच्या वळणाजवळ ग्लॉकला आधी फेटलने गाठलं, मग हॅमिल्टनने. त्या डावीकडच्या वळणानंतर शेवटच्या रेषेपर्यंत चढ आहे. गार टायरवर तिथे चाक नुसतं फिरतं, गाडी पुढे सरकत नाही.

मासाने रेषा ओलांडली तेव्हा आमचे बंधू सोफ्यावरून उठले आणि डब्यातला बेसनाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. तिकडे फेरारीच्या गॅरेजमध्ये मासाच्या घरचेही एकमेकांना मिठ्या मारत होते. हॅमिल्टन रेषेवर आला तो जवळपास ३९ सेकंदांनी, पाचवा. बंधू काही न बोलता बाल्कनीत गेले. मी तोंडातला लाडू गिळू शकत नव्हतो. मासा मात्र डोळ्यांत पाणी घेऊन व्यासपीठावर उभा राहिला, छातीवर हात मारून त्याने आपल्या लोकांना मान दिला. हरल्यावर इतकं ताठ उभं राहिलेलं माणूस मी खेळात क्वचितच पाहिलं.

प्रश्न : मासाने त्या वर्षी ६ शर्यती जिंकल्या आणि हॅमिल्टनने ५, तरी हॅमिल्टन विजेता. हा अन्याय नाही का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : नियमाने नाही; ९८ विरुद्ध ९७. पण हळहळ मलाही वाटते, आणि ती ब्राझीलची नाही. हंगेरीत मासा पुढे होता आणि तीन फेऱ्या उरल्या असताना इंजिन गेलं. सिंगापुरात तो पुढे असताना रेनोच्या नेल्सन पिके ज्युनिअरने गाडी भिंतीवर घातली. ती संघाच्या सांगण्यावरून मुद्दाम घातली होती, हे पुढच्या वर्षी उघड झालं. त्यानंतरच्या गडबडीत मासा इंधनाची नळी गाडीला लटकत असतानाच पिटमधून सुटला आणि १३ वा आला. मला विचाराल तर चीड यायची ती तिथे. अर्थात इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या पावसात मासाने स्वतःच गिरक्यांवर गिरक्या घेतल्या आणि हॅमिल्टनने तीच शर्यत मिनिटाहून जास्त फरकाने जिंकली, हेही त्याच वर्षातलं आहे.

प्रश्न : त्या ब्राझीलच्या शर्यतीत भारताचं काही होतं का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : होतं. फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या संघाचा तो पहिलाच मोसम, आणि वर्षभरात त्यांना एकही गुण मिळाला नाही. पण सुरुवातीचा रस्ता वाळतोय हे त्यांच्या जियांकार्लो फिसिकेलाने सगळ्यांच्या आधी ओळखलं, दुसऱ्याच फेरीला कोरडे टायर चढवले आणि थेट पाचव्या नंबरवर आला. काही फेऱ्या त्याच्यामागे हॅमिल्टन अडकला होता.