सर्जिकल नर्सिंगचं प्रात्यक्षिक कसं शिकवावं? डेमो झाला तरी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) विद्यार्थिनी गोंधळतात

तुम्ही लिहिलंय की जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला लेक्चर झालं, डेमो झाला, प्रोसीजर बुकही भरून घेतलं, तरी ओटीत नि सर्जिकल वॉर्डात मुलींचे हात अडतात. मग शिकवण्यात काय बदलावं?

आधी डेमो बदला. चाळीस जणींसमोर एकदाच केलेल्या डेमोत मागच्या रांगेला मॅडमची पाठच दिसते. मी एका वेळी पाचच जणी घेते आणि कौशल्य शिकवण्याच्या पेटन यांच्या चार पायऱ्या वापरते. पहिल्यांदा काही न बोलता, नेहमीच्या वेगात पूर्ण कृती. मग तीच सावकाश, प्रत्येक हालचालीचं कारण सांगत. तिसऱ्या वेळी बोलायचं विद्यार्थिनीने, हात आपले; ती सांगेल तेवढंच करायचं. चौथ्या वेळी ती स्वतः करते. वेळ कमी असला की तिसरी पायरी गाळली जाते, आणि नेमकी तीच गाळू नये. मुलगी क्रम विसरतेय की हात वळत नाहीयेत, हे तिथेच कळतं.

निर्जंतुक (स्टेराइल) ग्लोव्ह घालताना चूक बहुतेक अंगठ्याची असते. दुसरा ग्लोव्ह उचलताना ग्लोव्हमधली चार बोटं त्याच्या मनगटाकडच्या घडीच्या आत जातात, पण अंगठा सवयीने मिटतो आणि उघड्या मनगटाला टेकतो. तो मुद्दाम ताठ, बाहेर ठेवायला लावा. साइजही बघा. ६ नंबरच्या हाताला ७ चा ग्लोव्ह दिला की टोकं लोंबतात आणि ती ओढून सारखी करण्याच्या नादात हात नको तिथे लागतो.

महागडी सिम्युलेशन लॅब नसली तरी अडत नाही. साधे ग्लोव्ह घालून, डोळे मिटून, एक चमचा पोस्टर कलर सर्जिकल स्क्रबसारखा हाताला चोळायला सांगा. डोळे उघडल्यावर अंगठ्याची मागची बाजू, बोटांची टोकं आणि बेचके कोरे दिसतात. मग तेच रंगलेले ग्लोव्ह काढायला लावा. मनगटावर रंग आला, तर काढण्याची पद्धत चुकली. यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

ड्रेसिंग आणि टाके काढण्यासाठी जाड फोमच्या तुकड्याला चीर द्या आणि नायलॉनने सुटे टाके घाला. जखम साफ करताना चिरेवरून वरून खाली, एका बोळ्याने एकदाच. मग कडेची त्वचा, आतून बाहेर. ड्रेनची (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) जागा वेगळ्या बोळ्याने. टाका गाठीखाली, त्वचेलगत कापायचा, म्हणजे बाहेर राहिलेला दोरा आतून ओढला जात नाही. आधी एकाआड एक टाके काढायचे. चीर उघडतेय असं वाटलं की थांबायचं आणि सांगायचं.

काउंट, म्हणजे ऑपरेशनच्या वस्तूंची मोजणी, मात्र रटाळ वाटला तरी घोटून घ्या. मॉप (रक्त टिपायची मोठी कापडं) ५-५ च्या गड्ड्यांत, दोघींनी एकत्र बघत, मोठ्याने मोजायचे: सुरुवातीला, पोकळी बंद करण्याआधी, त्वचा शिवण्याआधी. मोजणी अर्ध्यात असताना मी मुद्दाम विचारते, ‘सक्शन लावलं का?’ उत्तर देऊन पुढचा आकडा म्हणणारी तिथेच अडकते. व्यत्यय आला तर मोजत असलेली ती वस्तू पहिल्यापासून मोजायची. एखादा गॉज लपवूनही बघा. काउंट जुळेपर्यंत कचऱ्याची बादली ओटीबाहेर जाऊ द्यायची नाही, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसतं.

पोस्ट-ऑपला ‘व्हायटल्स बघा’ एवढं सांगून भागत नाही. कागदावर दर १५ मिनिटांच्या नोंदी द्या: नाडी ८४, ९८, ११२, १२८, बीपी १२४/८०, १२२/८४, ११८/८६, ९६/६०. एकेक ओळ उघडा आणि विचारा, डॉक्टरांना कधी कळवाल? बऱ्याच जणी चौथ्या ओळीची वाट बघतात. पण रक्त कमी होऊ लागलं की आधी नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बीपी काही वेळ टिकून राहतं. दुसऱ्या ओळीलाच ड्रेन, ड्रेसिंग आणि लघवी बघायला हवी, तिसऱ्या ओळीपर्यंत फोन गेलेला असावा. लघवी ताशी किलोमागे ०.५ मिलीच्या खाली, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ३० मिलीपेक्षा कमी, हा धोक्याचा इशारा. आणि ‘ड्रेन कोरडा आहे’ यावर समाधान मानू देऊ नका; गुठळीने नळी बंद झाली तरी तो कोरडाच दिसतो.

फोनही पाठ करून घ्या. ‘सर, पेशंट सिरियस आहे, लवकर या’ यातून काहीच कळत नाही. ‘सर, फीमेल सर्जिकल, बेड ७. दोन तासांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. नाडी अर्ध्या तासात ८४ वरून ११२ झाली, बीपी ११८/८६, ड्रेसिंग भिजलंय. आपण लगेच येऊन बघावं. तोपर्यंत काय सुरू करू?’ असं बोलता आलं पाहिजे.

ओटीच्या पहिल्या दिवशी नाश्ता सक्तीचा. चक्कर येतेय असं वाटलं तर ट्रॉलीपासून लांब जाऊन सरळ जमिनीवर बसायचं, लाजायचं नाही. त्या दिवशी प्रत्येकीला एकच काम द्या: एकीने फक्त फ्लोअर नर्सच्या (निर्जंतुक गाउन न घालता बाहेरून सामान पुरवणाऱ्या नर्सच्या) हालचाली टिपायच्या, दुसरीने सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टचे तीन थांबे, म्हणजे भूल देण्याआधी, चिरेआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी कोण काय बोललं ते. ‘सगळं बघा’ म्हटलं की काहीच बघितलं जात नाही.

परीक्षेला ओस्की पद्धतीची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकेक कृती करून दाखवायची, ५-५ मिनिटांची स्टेशन ठेवा. मार्क देताना माझा नियम असा: निर्जंतुक नसलेल्या जागी हात लागला, तिने स्वतःहून ‘अनस्टेराइल झालं’ म्हणून ग्लोव्ह बदलला, तर एकही मार्क कापायचा नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही असं समजून ती पुढे गेली, तर बाकी सगळं बरोबर असलं तरी ते स्टेशन नापास.