वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक एकत्र शिकावे का?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स शाखेची पदवी घेतली आहे. पुढे इलेक्ट्रॉनिक आणि संगणक अभियांत्रिकी या जोडविषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे मनात आहे. सर्किट मला जमतात, प्रोग्रामिंगचा सराव मात्र बेताचाच आहे. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे व्हायला नको, असे घरची मंडळी म्हणतात. हा अभ्यासक्रम निवडावा का? आणि प्रबंध घ्यावा की केवळ विषयांच्या परीक्षा देऊन पदवी पूर्ण करावी?

उत्तर : अवश्य निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांची भीती अनाठायी नाही. हे दोन विषय शेजारी शेजारी ठेवून वेगवेगळे शिकले, तर ती खरीही ठरते. परंतु या पदवीचा गाभा त्या दोहोंच्या सांध्यात आहे आणि तो सांधा एकाच बाजूने पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही.

एक साधे काम घ्या. मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाला, बटण जोडायचे आणि ते किती वेळा दाबले गेले हे मोजायचे. प्रोग्राम बिनचूक असतो, जोडणीही बरोबर असते, तरी बटण एकदा दाबल्यावर आकडा कधी तीनने वाढतो, कधी सातने. बटणातले धातूचे संपर्क एकमेकांवर आदळले की स्थिरावण्यापूर्वी काही मिलिसेकंद उसळत राहतात. बोटाला ते जाणवत नाही, पण सेकंदाला लाखो सूचना पार पाडणाऱ्या प्रोसेसरला प्रत्येक उसळी म्हणजे बटण नव्याने दाबल्यासारखेच असते. विद्युतदाबातले बदल रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ती दातेरी रेघ एकदा पाहिली की मग विसरत नाही. यावर रेझिस्टर, कपॅसिटर आणि श्मिट ट्रिगर (डळमळता संकेत स्पष्ट चालू-बंद करणारे सर्किट) लावून उपाय करता येतो, किंवा प्रोग्राममध्ये वीसेक मिलिसेकंद थांबून बटणाची स्थिती पुन्हा वाचता येते. पहिल्या उपायात प्रत्येक बोर्डावर सुटे भाग वाढतात, दुसऱ्यात प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो. यांपैकी कोणता उपाय कुठे योग्य, हे कारणांसह ठरवता येणे म्हणजेच हा विषय येणे होय.

प्रोग्रामिंगची धास्ती घेऊ नका. आधी सी भाषा पक्की करा आणि मग व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किटचे वर्णन करणाऱ्या भाषांपैकी एक हाती घ्या. या दुसऱ्या प्रकारात तुमची बाजू उलट भक्कम आहे, कारण तिथल्या ओळी बहुतांशी एकामागून एक चालणाऱ्या सूचना नसतात. त्या एकाच वेळी अस्तित्वात असलेल्या सर्किटचे वर्णन करतात. निव्वळ प्रोग्रामिंग करून आलेल्यांना हे उमगायला अनेकदा वेळ लागतो, तुम्हाला ते ओळखीचे वाटेल.

सी शिकतानाही खालचे यंत्र नजरेआड होऊ देऊ नका. दहा हजार ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या तक्त्यातील संख्यांची बेरीज एकदा ओळीने आणि एकदा स्तंभाने करून वेळ मोजा. बेरीज तीच येईल, पण स्तंभाने केलेल्या बेरजेला सर्वसाधारणपणे कितीतरी जास्त वेळ लागेल. सीमध्ये तक्ता ओळीनुसार साठवलेला असतो आणि आजच्या बहुतेक संगणकांत प्रोसेसर मेमरीतून एका वेळी 64 बाइटांचा गठ्ठा कॅशमध्ये, म्हणजे आपल्याजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणतो. 4 बाइटांच्या संख्या असतील, तर ओळीने जाताना एका गठ्ठ्यात 16 संख्या कामी येतात. स्तंभाने जाताना एकच कामी येते आणि उरलेल्या पंधरा बहुधा वापर होण्याआधीच कॅशमधून बाहेर फेकल्या जातात.

प्रबंध घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकी गणितज्ञ आणि अभियंते क्लॉड शॅनन यांनी विद्युत अभियांत्रिकी आणि गणित या दोन्ही विषयांच्या पदव्या घेतल्या होत्या. एमआयटीमध्ये एका गणनयंत्रावर काम करताना त्यातील रिलेंचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांचे, सर्किट त्यांच्यापुढे आले आणि त्या उघड-बंद होणाऱ्या रिलेंचे वर्तन जॉर्ज बूल यांच्या, फक्त खरे-खोटे अशा दोनच मूल्यांच्या बीजगणितात मांडता येते, हे त्यांनी 1937 साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिले. तेव्हा ते 21 वर्षांचे होते. डिजिटल सर्किटची आजची रचनापद्धती त्या प्रबंधावर उभी आहे. प्रत्येक प्रबंध एवढा मोठा नसतो आणि तशी अपेक्षाही नसावी. परंतु स्वतः प्रश्न मांडायचा, मोजमाप घ्यायचे आणि ते चुकले तर का चुकले ते शोधायचे, ही सवय परीक्षांतून लागत नाही. म्हणून पहिल्याच सत्रात मार्गदर्शकांना भेटा आणि ज्याचे उत्तर उपलब्ध उपकरणांनी मोजता येईल, असाच विषय घ्या.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा पदवीधर आहे. याच अभ्यासक्रमासाठी मला कोणती तयारी करावी लागेल?

उत्तर : तुमची अडचण बहुधा सर्किटपेक्षा गणितात येईल. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि फूरिये रूपांतर (संकेत वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत विभागण्याची रीत) यांची उजळणी प्रवेशापूर्वीच करा, कारण सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गात ते येत असल्याचे गृहीत धरलेले असते. सुरुवात एका प्रयोगाने करा. 600 हर्ट्झची साइन लहर घेऊन सेकंदाला 1000 वेळा तिचे नमुने, म्हणजे त्या त्या क्षणाची मूल्ये, घ्या आणि नंतर 400 हर्ट्झच्या कोसाइन आणि साइन लहरींचे नमुने त्यांच्याशी ताडून पाहा. साइन लहरीचे आकडे केवळ चिन्ह उलटे होऊन तंतोतंत जुळतील. असे का होते, हे कागदावर स्वतः सोडवून दाखवता आले, तर तुमची अर्धी तयारी झाली असे समजा.