लेक 21 वर्षांची आहे, दारूची जाहिरात करू नको असं कोणत्या तोंडाने सांगू?

अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलांचे मराठी आईवडील अलीकडे माझ्याकडे सल्ल्यासाठी हा प्रश्न घेऊन येतात. 1 जुलै 2021पासून एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक दिली. सगळे त्याला एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. आता कंपन्यांचे मेसेज थेट मुलांच्या इन्स्टाग्रामवर येतात आणि घरी कळेपर्यंत बरंचसं ठरलेलं असतं.

टेक्सासमधलं एक कुटुंब याच कारणाने आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी विद्यापीठाच्या टेनिस संघात, तिसऱ्या वर्षाला. हार्ड सेल्ट्झर, म्हणजे अल्कोहोल असलेलं फळांच्या चवीचं सोडावॉटर, विकणाऱ्या एका कंपनीने तिला रीलसाठी विचारलं होतं.

वडील संतापले होते. "सचिनने वडिलांना शब्द दिला होता, दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही म्हणून. तो त्याने पाळला. आणि ही!"

मुलगी म्हणाली, "बाबा, शनिवारी मित्र आले की तुम्ही काय पिता? आमच्या स्टेडियममध्येही बिअर विकतात. विद्यापीठाने पैसे घेतले तर चालतं, मी घेतले की संस्कार बुडाले?"

तिचं म्हणणं खरं होतं. 2019मध्ये एसईसीसारख्या, एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या बड्या गटाने आपल्या विद्यापीठांना स्टेडियमभर बिअर आणि वाइन विकायची मुभा दिली. त्याच मैदानावर खेळणाऱ्या मुलांना अनेक राज्यांत दारूशी नाव जोडायची मात्र बंदी. ही विसंगती मी वडिलांसमोरच मान्य केली. त्यांना ते रुचलं नाही, पण मुलांचं खरं बोलणं उडवून लावलं की ती पुढचं काही सांगतच नाहीत.

मग नियमांकडे वळलो. टेक्सासने 2021मध्ये केलेल्या एनआयएल कायद्यात दारू, तंबाखू, ई-सिगारेट, जुगार यांच्या जाहिरातीचे पैसे घ्यायला कॉलेज खेळाडूला मनाई आहे. 21, म्हणजे अमेरिकेत दारू पिण्याचं कायदेशीर वय, पूर्ण झालं म्हणून सूट मिळत नाही. शिवाय सही करण्याआधी करार विद्यापीठाला कळवावा लागतो. इलिनॉय आणि पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यांतही दारूवर बंदी आहे. तरी राज्याराज्यात फरक असतो, म्हणून पहिला फोन विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंकडून नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या कार्यालयाला, करावा. मूल एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असेल तर कुठल्याही जाहिरातीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं, कारण तिथे प्रश्न थेट देशात राहण्याचा होतो.

"म्हणजे मिटलंच की!" वडील म्हणाले.

माझ्या मते काहीच मिटलं नव्हतं. दोन वर्षांनी ती पदवीधर होईल, तेव्हा हा कायदा तिला लागू नसेल. मी तिला एकटीला भेटायला बोलावलं आणि विचारलं, मेसेज आला तेव्हा काय वाटलं?

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "कुणीतरी मला निवडलं, असं वाटलं."

ती संघात सहाव्या क्रमांकावर खेळते. कॉलेज टेनिसमध्ये दुहेरीचा मिळून एक गुण आणि एकेरीचे सहा. एका संघाचे चार झाले की लढतीचा निकाल लागतो आणि चालू असलेले सामने बहुतेक वेळा तिथेच थांबवतात. तिचे कितीतरी सामने असे अर्धवट राहिले होते. एकदा तर ती तिसऱ्या सेटमध्ये पुढे होती. रात्री वडिलांचा फोन, "जिंकलीस का?" उत्तर एकच: "पूर्ण झाला नाही." वडील फोन आईकडे द्यायचे. त्या मुलीला एक कंपनी म्हणते, आम्हाला तूच हवीस. कॅनमध्ये काय आहे हे तिच्या लेखी दुय्यम होतं. अशा वेळी दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिलं असतं तर ते तिच्या कानांपर्यंत पोचलंही नसतं.

दारूबद्दल मी एकच विचारलं: तुझे व्हिडिओ कोण बघतं? उन्हाळी शिबिरात ती बारा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवते. ती सगळी तिला फॉलो करतात. हे तिने स्वतःच सांगितलं आणि मग म्हणाली, "त्यांच्यासमोर नाही करणार मी हे." कंपनीला नकार तिनेच लिहिला, वडिलांना न दाखवता. तो तिचाच असायला हवा होता.

वडिलांकडून मी एवढंच मागितलं की फोनवर "जिंकलीस का" न विचारता "आज काय चांगलं जमलं" असं विचारा. त्यांना ते अवघड गेलं. मंडळातले लोक काय म्हणतील ही भीतीही मोठी होती आणि ती बोलून दाखवायलाच त्यांना दोन भेटी लागल्या.

पुढच्या हंगामात रॅकेटला तारा ओवून देणाऱ्या एका दुकानाने तिला विचारलं. रक्कम 600 डॉलरच्या वर होती, त्यामुळे 2025पासूनच्या नियमाप्रमाणे एनआयएल गो या, खेळाडूंचे असे करार तपासणाऱ्या यंत्रणेकडे नोंदवणं भाग होतं. ती करार घेऊन घरी आली. करार संपल्यावरही फोटो कायम वापरण्याचा हक्क दुकानाला देणारं एक कलम त्यात होतं. ते वडिलांनी शोधलं, आणि मुलीने दुकानाशी बोलून एक वर्षावर आणलं.