हाताने घडवलेली भेट ऑनलाइन घेताना

प्रश्न : माझ्या आत्याने मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. दोन महिन्यांनी तिची एकसष्टी आहे. तिला एखाद्या कारागिराने स्वतः घडवलेली वस्तू द्यावी, असे मनात आहे. ऑनलाइन मात्र जिकडेतिकडे ‘हस्तनिर्मित’ असेच लिहिलेले दिसते. खरे कसे ओळखावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आत्याबाई शिक्षिका होत्या, म्हणून मी आपल्याला वारली चित्र सुचवीन. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील अनेक चित्रकार आता आपले काम समाजमाध्यमांवर स्वतः दाखवतात आणि सांगाल तसे चित्र काढूनही देतात. झाडाखाली भरलेली शाळा, फेर धरलेली मुले आणि मध्ये बाई, असे चित्र दुकानात तयार मिळणार नाही. ते आत्याबाईंसाठीच काढलेले असेल.

खरेपणा पारखण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे विक्रेत्याशी बोलणे. चित्र कोणी काढले, कोणत्या गावी, किती दिवस लागतील आणि त्यात एखादी आकृती बदलता येईल का, हे विचारावे. स्वतः काढणारा माणूस लगेच आणि तपशिलाने सांगतो; छापील माल विकणारा बहुधा तयार नमुन्यांचे फोटोच पुढे करतो. विक्रेत्याने दिलेला फोटो गूगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या सुविधेत, शोधून पाहावा. तोच फोटो वेगवेगळ्या नावांच्या अनेक दुकानांत दिसला, तर तिथे खरेदी करू नये. चित्राचा जवळून घेतलेला फोटोही मागवावा, कारण हाताने ओढलेल्या रेषेची जाडी कमीजास्त होते, आणि एकाच चित्रातील दोन माणसे कधीही तंतोतंत सारखी नसतात.

भौगोलिक मानांकनाचाही (‘जीआय’, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्या खास वस्तूची सरकारी नोंद) आधार घेता येतो, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. वारली चित्रकलेला आणि पैठणीला ते मिळालेले आहे. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळाले. मात्र विक्रेत्याने नुसते तसे लिहिले म्हणून ती वस्तू खरी ठरत नाही. तो नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते मानांकन वापरण्याचा हक्क नोंदवलेला उत्पादक, आहे का, हे विचारायला संकोच करू नये. हातमागाच्या कापडावर हातमाग चिन्ह (‘हँडलूम मार्क’ ही सरकारी खूण) पाहावे. बचत गटांच्या वस्तूंसाठी ‘उमेद मार्ट’ हे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे संकेतस्थळ आहे.

किमतीत घासाघीस करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या संकेतस्थळांवर विक्रीच्या रकमेतून दलाली कापली जाते, त्यामुळे शक्य असेल तेव्हा कारागिराकडून थेट घ्यावे. सांगून करवून घेतलेली वस्तू सहसा परत घेतली जात नाही. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आकार, रंग आणि तारीख लेखी ठरवावी. दोन महिने पुरेसे आहेत, पण मागणी याच आठवड्यात नोंदवावी. चित्र कापडावर काढून गुंडाळी करून मागवावे आणि चौकट मुंबईतच करवून घ्यावी, म्हणजे वाटेत काच फुटण्याची भीती राहणार नाही. चौकटीच्या मागे चित्रकाराचे नाव आणि गाव मात्र आवर्जून लिहावे.