उडीचे व्हिडिओ बघून झाले असतील तर हे वाच

अगं, तुझा मेसेज मिळाला. अमेरिकेतले स्मोकजम्पर, विमानातून थेट वणव्याजवळ उड्या मारणारे, आणि ट्रेनिंगमध्ये तुला त्यांच्यावरच बोलायचंय, खूप आवडलं मला. पण उडीतच अडकू नकोस हं. उडी म्हणजे त्यांची कामावर पोचायची एसटी, खरं काम खाली उतरल्यावर, आगीच्या वाटेतला पालापाचोळा अगदी मातीपर्यंत खरवडून काढायचा, आपल्याकडे उन्हाळ्यात जाळरेषा काढतात तेच.

सुरुवात थोडक्यात उरक. १२ जुलै १९४०, आयडाहोचं नेझ पर्स जंगल, रुफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली, वणव्यावरची पहिली उडी. कूलीच्या पॅराशूटच्या दोऱ्या पिळल्या, तो झाडात पडला पण वाचला. या कूलीला लक्षात ठेव, कारण ५ ऑगस्ट १९४९ ला मॉन्टानातल्या मॅन गल्च या दरीवर पोरांना उडीचा इशारा देणारा तोच होता.

मॅन गल्चला मात्र वेळ दे. १५ जण उतरले, खाली एक फायर गार्ड, म्हणजे जंगलात आगीवर नजर ठेवणारा माणूस, भेटला, तोही आधी स्मोकजम्परच होता. दरीतून खाली मिझुरी नदीकडे निघाले तर आग उडून त्यांच्या खालच्या बाजूला आली, वाट बंद, मग मागे वळून चढावर पळायला लागले, उभा चढ, कंबरेएवढं वाळलेलं गवत आणि मागून वारा. फोरमन वॅग डॉजने अवजारं टाकायला सांगितली, मग काडी ओढून पुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळलेल्या जागेत जाऊन पालथा पडला, तिथे जळायला काही उरलंच नव्हतं ना. सगळ्यांना ओरडून बोलावलं त्याने, कुणी आलं नाही. १३ जण गेले. डॉज वाचला, आणि सॅली, रमसी ही दोन पोरं कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटली, सॅली तर १७ वर्षांचा होता.

आता ऐक, पोरांनी साहेबाचं ऐकलं नाही म्हणून मेली असं कृपा करून बोलू नकोस, मला फार राग येतो त्याचा. ही युक्ती त्यांना कुणी शिकवलेलीच नव्हती. मागे आग असताना पुढे आग लावणारा माणूस बघून तू तरी थांबली असतीस का? त्या उतारावर १३ जणांसाठी क्रूस उभे केलेत, त्यातला डेव्हिड नेव्हन ज्यू होता, त्याच्यासाठी पुढे ‘डेव्हिडचा तारा’ या ज्यूंच्या चिन्हाची खूण बसवली, मला हे फार मोलाचं वाटतं. १९५७ मध्ये आगीवरच्या माणसांसाठी दहा नियम आले, निसटायची वाट आधी माहीत हवी हे त्यात आहे. तरी १९९४ ला कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर पुन्हा चढावरच १४ जण गेले, त्यात तीन स्मोकजम्पर.

आणि माल्विन ब्राउनचं नाव नक्की घे. अमेरिकी सैन्याची ५५५ वी पॅराशूट बटालियन, सगळे कृष्णवर्णीय सैनिक, १९४५ मध्ये जपानने फुग्यांना बांधून सोडलेल्या बॉम्बनी वणवे लागतील म्हणून त्यांना वणव्यांवर उड्या मारायला ओरेगॉनकडे पाठवलं होतं. ६ ऑगस्टला ब्राउन झाडात अडकला, उतरताना पडून गेला. कामावर मेलेला पहिला स्मोकजम्पर तो, आणि बऱ्याच जणांच्या बोलण्यात मेलेल्यांचा हिशोब अजून मॅन गल्चपासूनच सुरू होतो. तू तो ब्राउनपासून सुरू कर. कच्चं लिहून झालं की पाठव, मॅन गल्चचा नकाशाही हाताने काढ त्यात, नदी कुठे, आग कुठे, पोरं कुठे, मग बोलू फोनवर.