ईएन 8 (मध्यम कार्बनचं स्टील) मध्ये गोल तळाचं वक्र चॅनेल काढताना बॉलनोज (गोल टोकाचा कटर) तुटते. कोणता कटर आणि किती फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) घ्यावं?

तुमचं चॅनेल 10 मिमी रुंद, 5 मिमी खोल, अर्धगोल तळाचं. वळणाची मधली त्रिज्या 15. त्यात 10 ची कार्बाइड बॉलनोज 2 मिमी डेप्थने थेट घातलीत आणि टोक गेलं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमच्याकडे असे जॉब नेहमी येतात. भाऊ, नुसता कटर बदलून उपयोग नाही, बॉलनोजकडून रफिंग (जास्तीचा माल काढणं) करून घेणं आधी थांबवा.

तिच्या अगदी टोकाला व्यास शून्य, म्हणजे कटिंग स्पीडही शून्य. आरपीएम कितीही वाढवा, तिथे स्टील कापलं जात नाही, चिरडलं जातं.

म्हणून मधला माल 6 च्या चार फ्लूट (दात), टीआयएएलएन (टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड) कोटिंगच्या सपाट कार्बाइड एंडमिलने काढा. मिनिटाला 100 मीटर स्पीड धरला तर 5300 आरपीएम, दाताला 0.025 मिमी धरून फीड मिनिटाला 530 मिमी. मधल्या रेषेवरून तीन पासात 3.5 मिमीपर्यंतच जा. 4 ला एंडमिलचा कोपरा गोलाईला टेकतो, 3.5 ला तिथे साधारण 0.4 माल उरतो. झेडमध्ये सरळ खुपसू नका, वळणावरूनच 2-3 अंशांच्या रॅम्पने (उताराने) उतरा.

मग 8 ची बॉलनोज. 10 ची दोन्ही भिंतींना एकदम घासते आणि थरथरते. तळाचा उरलेला दीड मिमी हिलाही टोकानेच काढावा लागतो, तेव्हा 0.3 ची डेप्थ, 5000 आरपीएम, फीड 300. फिनिशिंगला 0.5 चा स्टेपओव्हर (शेजारच्या दोन पासांमधलं अंतर) खुशाल घ्या. 5 च्या खोलगट गोलाईत 4 त्रिज्येचा बॉल इतका छान बसतो की रेघा 2 मायक्रॉनच्याही आत राहतात.

वळणाचं गणित बहुतेकजण विसरतात. बाहेरच्या भिंतीची त्रिज्या 20, पण कटरचा मध्य फिरतो 16 वर, म्हणून भिंतीवर फीड सव्वापट पडतो. तिथे फीड 20 टक्के कमी करा. आणि प्रोग्राम जी02-जी03 (गोलाकार चालीचे कोड) मध्येच काढा; बारीक सरळ तुकड्यांचा असेल तर मशीन अडखळतं आणि भिंतीवर खुणा दिसतात.

कार्बाइडला कूलंट नको, जोरात एअर मारा. चॅनेलमध्ये अडकलेली चिप पुन्हा कापली गेली की धार गेलीच. एचएसएस (हायस्पीड स्टील) कटर वापरणार असाल तर कूलंट हवंच, फक्त आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी उडून ते घट्ट होतं, तेव्हा रोज तपासा.

सुरू करण्याआधी कटर कॉलेटबाहेर (कटर पकडणाऱ्या बुशबाहेर) कमीत कमी ठेवा आणि डायल लावून रनआउट (फिरताना कटरचं डगमगणं) 0.01 मिमीच्या आत आणा. दाताला फीडच 0.025 आहे, रनआउट 0.02 असला तर भार सगळ्या दातांवर सारखा पडत नाही, काही दातांवर जास्त येतो.